वहिनींचे दोन डबे

प्रिय काकू,
आमची बदली नागपूरहून कोल्हापूरला झाली त्याला दीड वर्ष झालं. गणपतीनंतर ह्यांच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो. मी बाराशे रुपयांचं चॉकलेट-कुकीजचं हँपर नेलं. वहिनी "अगं, कशाला एवढं?" म्हणाल्या आणि ते तसंच कपाटावर ठेवून दिलं. महिन्याभरानं तेच हँपर, तीच जांभळी रिबन, मला ह्यांच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या एका घरी दिसलं! आता येत्या रविवारी त्यांनी पुन्हा बोलावलंय, मटणाचा बेत आहे. हे म्हणतात, मिठाईचा पुडा घे आणि विषय मिटव. काय नेऊ? मागच्या वेळी त्यांनी निघताना दोन डबे भरून रस्सा दिला होता, ते डबेही अजून माझ्याकडेच आहेत. त्याचीही लाज वाटते.
– एक वाचक, राजारामपुरी

अगं, आधी ते हँपर डोक्यातून काढ. ते पुढं सरकलं यात तुझा काही अपमान नाही. संक्रांतीचं वाण किती घरं फिरतं ठाऊक आहे ना? मी लुटलेली चहाची गाळणी तिसऱ्या वर्षी माझ्याच हातात परत आली होती. मी मुकाट्यानं पदराखाली घेतली.

पण ते का फिरलं, हे बघ. बाराशेची वस्तू समोर आली की घरची बाई मनात हिशेब मांडते, की आता यांच्याकडे जाताना आपण काय न्यायचं? त्यातून साहेबांचं घर. तिथं महागाचं काही नेलं की त्याला उगाच वेगळा वास येतो.

आता रविवारी रात्री आठ वाजता त्या स्वयंपाकघरात काय चाललेलं असेल, ते डोळ्यांपुढं आण. एका शेगडीवर तांबडा, दुसरीवर पांढरा. पांढऱ्यात नारळाचं दूध पडलं की तो खळखळून उकळू द्यायचा नसतो, दूध फाटतं. म्हणजे बाई पळी घेऊन तिथंच उभी. अशा वेळी तू हातात भलामोठा बुके ठेवलास तर तिनं फुलदाणी शोधायची की रस्सा सांभाळायचा? आइस्क्रीमचीही तीच गत. माझ्याकडे एकदा पाहुणे मोठा फॅमिली पॅक घेऊन आले आणि माझा फ्रीजर सोललेल्या मटारनं गच्च. मटार बाहेर काढले, आइस्क्रीम आत ठेवलं. पुढचे तीन दिवस आमच्या घरी मटारची उसळ होती.

मिठाई वाईट नाही, पण तांबडा-पांढरा ओरपल्यावर पेढ्याकडे कोण बघतं? घरात कुणाला साखरेचा त्रास असला तर पुडा सकाळी कामवाल्या मावशींच्या पिशवीत जातो. गोड न्यायचंच असेल तर नृसिंहवाडीची कवठाची बर्फी ने, ती दुसऱ्या दिवशीही चालते. गूळ मात्र नको. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ज्यांच्या पाहुण्यारावळ्यांत एखादं तरी गुऱ्हाळ असतं त्यांना गुळाची ढेप काय द्यायची? ती, आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, तू नागपूरला जाताना ने.

तुझं उत्तर तू शेवटच्या ओळीत लाजत लाजत लिहून टाकलंयस. ते डबे बाहेर काढ. कडीचे असतील तर कडीच्या खाचेत मसाला अडकून बसतो, जुन्या ब्रशनं घास आणि दोन दिवस झाकणं उघडी ठेवून उन्हात ठेव. आपल्याकडे डबा रिकामा परत जात नाही, हे मी तुला सांगायला नको.

एकात भिवापुरी मिरचीचं तिखट भर. तुमच्या नागपूर जिल्ह्यातली मानांकन मिळालेली मिरची, तिकडून मागव. पाव किलो पुरे. कोल्हापुरात तिखट घेऊन जायचं म्हणजे धाडसच, मान्य! पण इथली बाई चटणीत बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी किती हे झोपेतही सांगते. तिच्या हातात नवं तिखट पडलं की ती आधी रंग बघेल, मग चिमटीत घेऊन जिभेवर ठेवेल, मग तुला दहा प्रश्न विचारेल. जेवणाआधीची ती अवघडलेली पंधरा मिनिटं कुठं गेली ते तुला कळणारही नाही. दुसऱ्यात तुझ्या हातचा चिवडा, त्यांच्या सोमवार सकाळच्या चहाला. दोन्ही गोष्टींना त्या रात्री ना ताटली लागते ना फ्रीज.

फुलांची हौस असेल तर महाद्वार रोडवरून गजरे घे. त्या घरी साहेबांच्या आई असतील तर त्यांच्यासाठीही घे, आणि त्यांचे यजमान आहेत की नाहीत याचा विचार करत थांबू नको. विधवा प्रथा बंद करायचा ठराव २०२२ साली आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला. आपण शहरातल्यांनी निदान गजऱ्यापर्यंत तरी यावं. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा दिला तेव्हा त्या "काय खुळी का काय!" म्हणाल्या आणि रात्रभर तो उशाशी ठेवला.

डबे दारातच दे. "वहिनी, तुमचे डबे राहिले होते," एवढंच म्हण, भेट हा शब्दही काढू नको. उशिराबद्दल माफी मागत बसू नको. ताटावर बसलीस की तिसऱ्या भाकरीला नाही म्हणू नको, वाटी पुढं कर.

निघताना वहिनी तेच डबे पुन्हा भरून हातात ठेवतील. या वेळी महिन्याच्या आत परत कर.