पाळीत असह्य दुखतं, पण डॉक्टर ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. त्यांना कसं पटवू?

तुम्ही लिहिलंय की वय 26, लग्न झालेलं नाही, पाळीचे पहिले दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही, सोनोग्राफी नॉर्मल आली आणि दोन डॉक्टरांनी परत पाठवलं. त्यातल्या एकांनी ‘लग्न झालं, एखादं मूल झालं की थांबेल’ असंही सांगितलं. मी डॉक्टर नाही. मला एंडोमेट्रिओसिस आहे आणि ते कळेपर्यंत माझी विशी संपली होती, एवढाच माझा अधिकार. तुम्हाला तेच असेल असं मी म्हणत नाही, पण ते नाही हे तुमच्या रिपोर्टवरून ठरत नाही.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो: ओव्हरीवर, आतड्यावर, मूत्राशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. ओव्हरीत चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असेल तर सोनोग्राफीत बहुधा सापडते. पडद्यावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत, आणि नुसती पोटावरून सोनोग्राफी केली तर खोलवरचंही सुटू शकतं. अविवाहित मुलींची बहुतेक पोटावरूनच करतात. योनीमार्गे केलेल्या तपासणीत जास्त दिसतं. ती नको असेल तर एमआरआयचा पर्याय असतो. सीए-125 ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणजे सुटलो, असंही नाही. युरोपातल्या ‘एश्रे’ या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की तपासणीत काही दिसलं नाही म्हणून हा आजार नाही असं धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना तो असतो. म्हणजे तुमच्या ऑफिसात, बिल्डिंगमध्ये कुणीतरी असणारच. आणि मूल होणं हा त्यावरचा इलाज नाही. गरोदरपणात काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही, नंतर दुखणं परत येऊ शकतं.

आता पटवण्याचं. ‘फार दुखतं हो’ हे वाक्य ओपीडीत दिवसभर ऐकू येतं, त्यामुळे ते कानाआड होतं. दुखण्यामुळे काय अडतं ते सांगा. ‘गोळी घेऊनही पाळीच्या दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही’, ‘रात्री उलटी होते’, ‘त्या दिवसांत शौचाला बसलं की सुरी फिरल्यासारखं होतं’. हे शेवटचं मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण पोटदुखीच्या तक्रारीत ते कुठे बसवायचं हेच कळत नव्हतं. एका डॉक्टरीणबाईंनी आपणहून विचारलं, मग एमआरआय झाला आणि गर्भाशयामागे आतड्याला चिकटलेली गाठ निघाली. तेव्हा लाज वाटणारी लक्षणं आधी सांगा. लघवीचा त्रास, पाय भरून येणं, संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही. दोन-तीन पाळ्यांची नोंद एका पानावर लिहून न्या: तारीख, किती दुखलं, कोणती गोळी, काय राहून गेलं. वही नको, वही कुणी उघडत नाही.

सोबत कुणाला न्याल ते आधी ठरवा आणि त्यांना बजावून न्या. माझी आई प्रेमाने यायची आणि डॉक्टरांसमोर म्हणायची, ‘आमच्या घरात सगळ्यांचंच असं असतं.’ झालं, फाइल बंद! (घरात सगळ्यांचंच असतं हे खरं तर डॉक्टरांनी कान टवकारावेत असं वाक्य आहे, कारण हा आजार कुटुंबात आढळू शकतो.) डॉक्टर तुमच्याऐवजी सोबतच्या माणसाशी बोलायला लागले, तर सोबतच्याने ‘तिलाच विचारा’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम.

आणि परत ‘टेन्शन’ ऐकू आलं, तर वाद घालू नका. शांतपणे विचारा: ‘याशिवाय आणखी काय असू शकतं, आणि ते नाही हे आपण कशावरून ठरवतोय?’ तपासणीला नाही म्हणाले, तर ‘मी मागितली होती आणि गरज वाटत नाही, असं केसपेपरवर लिहून द्याल का?’ हे विचारायला धीर लागतो, मला कबूल आहे. पण लिहायची वेळ आली की बरेच जण पेन हातात घेऊन थोडा विचार करतात.

कागद मागणं आगाऊपणा नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या 72 तासांत द्याव्या लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेतला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत स्त्री असावी, हेही त्यात येतं.

एक धोका उलट्या बाजूचाही आहे. आज ‘काही नाही’ म्हणणारेच उद्या ‘काढून टाकू’ म्हणू शकतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. आणि समीरा कोहली खटल्यात तर बाई दुर्बिणीच्या तपासणीपुरती संमती देऊन गेली होती. ती भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. डॉक्टरांचं म्हणणं एंडोमेट्रिओसिस होता असंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं की सज्ञान, शुद्धीत येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची नव्हे. भरपाई मिळाली फक्त 25,000 रुपये. म्हणून कधी लॅप्रोस्कोपी (हीच दुर्बिणीची तपासणी) ठरलीच, तर फॉर्मवर नेमकं काय करणार ते वाचल्याशिवाय सही करू नका.

तिसऱ्या डॉक्टरांची वेळ घेताना रिसेप्शनवरच विचारा: ‘डॉक्टर एंडोमेट्रिओसिसच्या पेशंट बघतात का, ऑपरेशन स्वतः करतात का?’ सगळे स्त्रीरोगतज्ज्ञ यात मुरलेले नसतात; प्रसूतीत उत्तम असलेल्या डॉक्टरांचा हा प्रांत असेलच असं नाही. गावात कुणी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजची स्त्रीरोग ओपीडी बघा. रांग मोठी असते, डबा घेऊन जा.