भाव पडला तर तुझं कुठलं काम उरेल?

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका नव्या क्रिप्टो नाण्याचा तो ‘ॲम्बॅसिडर’, म्हणजे प्रचार करणारा, झालाय. रात्ररात्र टेलिग्रामवर असतो, मोबदला त्याच नाण्यात मिळतो. आता कॉलेज सोडून हेच करतो म्हणतो. काय करू? – एक वडील, मच्छे

दादा, कॉलेज सोडू देऊ नका. पण मोबाईलही काढून घेऊ नका, त्यानं पोरगं बोलायचं बंद होईल.

तुम्ही जॉब उतरवला की त्याला व्हर्नियर लावता. माप चुकलं तर जॉब रिजेक्ट, तिथं गोड बोलून भागत नाही. क्रिप्टोतही असं मोजता येणारं काम आहे. सातोशी नाकामोतो या नावानं 2008 साली बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख आला, तो अवघा 9 पानांचा. व्यवहार कसे तपासले जातील, एकच पैसा दोनदा खर्च होणं कसं टळेल, एवढंच त्यात आहे. पैसे किती पट होतील याचा शब्द नाही. याच क्षेत्रातलं दुसरं टोक बघा. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेतल्या, थंड चहा विकणाऱ्या एका कंपनीनं नावात ‘ब्लॉकचेन’ (बिटकॉइनमागच्या तंत्राचं नाव) घातलं आणि तिचा शेअर त्याच दिवशी दुपटीहून वर गेला. चहा तोच होता. 2021 मध्ये तिथल्या नियामकानं त्या शेअरची नोंदणीच रद्द केली.

तुमचा मुलगा यातल्या कुठल्या टोकाला आहे, ते त्याच्या मोबदल्यावरून कळतं. नाण्यातच पगार म्हणजे कोणीतरी ते नाणं विकत घेत राहिलं, तरच त्याच्या हातात काही पडणार. आणि ते घेणार कोण? वर्गातली पोरं, मावसभाऊ, गल्लीतला किराणावाला. मला हेच सगळ्यात जास्त टोचतं. भाव पडला की टेलिग्रामवरचे ॲडमिन गायब होतील, पण याला तुमच्याच गल्लीतून जावं लागेल. कराचंही त्याला सांगा : क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

त्याची आवड खरी असेल तर वाट आहे. बिटकॉइन ज्यावर चालतं, ते बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं आहे. कोणी, कुठल्या तारखेला, कुठली ओळ बदलली, ते कोणालाही बघता येतं. नवशिक्यानं इतरांनी केलेले बदल चालवून बघावेत, चूक सापडली तर नीट लिहून कळवावी. त्यासाठी सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा लागेल. तोवर त्या सॉफ्टवेअरच्या भाषांतराचं कामही असतं, आणि मराठी-कन्नड दोन्ही येणारी पोरं आपल्या भागाबाहेर सहज मिळत नाहीत. पैसे लगेच मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण उद्या बेंगळुरूला किंवा पुण्याला मुलाखतीत दाखवायला त्याच्या नावावर काम असेल.

परीक्षा झाली की त्याला घेऊन या. येताना त्यानं स्वतः शोधलेली एखादी चूक, किंवा भाषांतर केलेलं एखादं पान आणावं. मी त्याच्याशेजारी बसून ते वाचीन.