टायमिंग बेल्ट तुटल्यावर नुसता नवा बेल्ट घालून गाडी चालू होईल का, आणि खर्च किती येईल?

तवंदी घाटात डस्टर १.५ डिझेल चालता चालता बंद पडली, बेल्ट तुटलेला निघाला, आणि निपाणीचा फिटर म्हणतोय, "नवा बेल्ट घालू, बघू." असं 'बघू' म्हणून सेल्फ मारू देऊ नका की हो. ढकलस्टार्ट तर नकोच. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेळ वेगळी, आणि ती वेळ हा बेल्टच सांभाळतो. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला म्हणजे व्हॉल्व्ह वाकले असंच धरा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधली टोपी) तुटलेला निघू शकतो.

हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) न उतरवता तपासता येतं. क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा) टीडीसीपासून, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतो तिथून, ९० अंश फिरवला की चारही पिस्टन मध्यावर येतात आणि कॅम मोकळा फिरतो. ज्या सिलिंडरचे दोन्ही लोब (कॅमवरचे उंचवटे) टॅपेटपासून दूर आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, त्याच्या ग्लो प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. पुढची दोन्ही चाकं जमिनीवर, पाचवा गिअर, हँडब्रेक ओढलेला. नाहीतर हवा पिस्टन ढकलते आणि क्रँक फिरतो. इनटेककडून किंवा सायलेन्सरमधून फुसफुस आली की तो व्हॉल्व्ह गेला. ऑइल फिलरमधून थोडी येणारच, ती पिस्टनच्या रिंगजवळून निसटणारी.

हेड उतरलंच तर फिटिंगआधी हेडची सपाटी आणि व्हॉल्व्हचे गाइड व सीट बेळगावात उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये तपासून घ्या.

आता मुख्य भांडण. "वॉटर पंप चांगला आहे, राहू दे" म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. पंप याच बेल्टवर फिरतो. त्याचं बेअरिंग जाम झालं की नव्या बेल्टचे दात सोलून निघतात, आणि तोच खर्च पुन्हा. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पंप एकत्रच बदला. बाहेरचा अल्टरनेटर-एसीचा बेल्टसुद्धा! तो विरला की त्याचे धागे खालच्या कव्हरमधून आत ओढले जातात आणि टायमिंगचा बेल्ट उडवतात. तुमचा जुना बेल्ट फेकण्याआधी खालच्या कव्हरमध्ये धागे आहेत का बघा. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर सीलही आताच.

बसवताना कॅमची आणि क्रँकची, दोन्ही लॉकिंग पिना हव्यात. जुना बेल्ट काढण्याआधी मारतात त्या पांढऱ्या रंगाच्या खुणा बेल्ट तुटल्यावर काय कामाच्या? क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्या. तो सोडताना-आवळताना टीडीसीची (क्रँकची) पिन आधाराला वापरायची नाही, वाकते; फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) धरायचं. बेल्टला टेन्शन दिल्यावर पिना काढून, पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पिना परत बसतात का पाहा. नाही बसल्या तर पुन्हा सगळं सोडायचं.

खर्च विचारलात, पण हवा लावून बघितल्याशिवाय आकडा सांगणारा अंदाजपंचेच सांगतोय. आणि हो, हे डिझेल डस्टरपुरतं. स्विफ्टच्या १.३ डिझेलला बेल्ट नाही, चेन असते.