फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पंखांच्या आकाराने खरंच फरक पडतो का?

हो, आणि चांगलाच. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर तर पंखाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल मोजतो, त्यामुळे आकार बदलला की उड्डाण बदलतं.

ग्लायडरचे पंख लांब, अरुंद. लिफ्ट (वर उचलणारं बल) निर्माण करताना ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होतो, म्हणून तो इंजिनाशिवाय लांबवर जातो. रोल (डावी-उजवीकडे कलणं) मात्र संथ. बोइंग ७४७ चे मागे झुकलेले पंख जास्त वेगासाठी. कमी वेगात लिफ्ट कमी पडते, उतरताना फ्लॅप्स (लिफ्ट वाढवायला पंखातून बाहेर येणारे भाग) लागतातच.

मला सर्वांत आवडतो तो मिराज २००० या लढाऊ विमानाचा डेल्टा (त्रिकोणी) पंख. नाक बरंच वर उचललं तरी लिफ्ट टिकते, पण कडक वळणात वेग झपाट्याने घटतो. तेव्हा नजर वेगावरच ठेवा. नवशिक्यांनी सेसना १७२ हे छोटं विमान घ्यावं: स्टॉल (पंखाची लिफ्ट एकदम घटणं) पंखाच्या मुळाकडून सुरू होतो, एलरॉन (पंखाच्या टोकाकडचे, विमान कलवणारे भाग) बराच वेळ साथ देतात.