जुळ्यांवरच्या संशोधनात यायचंय? आधी 79 आणि 33 मधला फरक

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोघी एकबीज जुळ्या बहिणी, म्हणजे एकाच बीजांडातून झालेल्या, जनुकं जवळजवळ सारखी असलेल्या. तिला गेल्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, आणि ‘हा आजार 80 टक्के आनुवंशिक असतो’ हे वाचल्यापासून पुढची पाळी आपलीच, असं तुला वाटतंय. याच विषयात संशोधन करावं का आणि पदवीला काय घ्यावं, असं तू विचारलंयस. विषयाचं नंतर सांगते. आधी त्या 80 बद्दल बोलू, कारण भीतीपोटी निवडलेली वाट फार काळ चालवत नाही.

डेन्मार्कमध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातल्या 30 हजारांहून जास्त जोड्यांचा स्किझोफ्रेनियावरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिकतेचा वाटा 79 टक्के निघाला. तू वाचलेला आकडा याच जातीचा. पण त्याच अभ्यासात एकबीज जोडीतल्या एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण 33 टक्केच होतं, आणि द्विबीज, म्हणजे दोन वेगळ्या बीजांडांतून झालेल्या जोड्यांत 7 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांचे प्रश्न वेगळे. या आजाराकडे कल कुणात कमी असतो, कुणात जास्त. सगळ्या लोकसंख्येतल्या या फरकाचा किती भाग जनुकांमधल्या फरकामुळे येतो, ते 79 सांगतो. एकट्या माणसाचं भविष्य त्यात नसतं. तुझ्या प्रश्नाला 33 जवळचा आहे: तुझ्यासारख्या तिघांपैकी दोघांना आजार झालेला नव्हता.

एरवी शंभरात साधारण एकाला होणाऱ्या आजारासाठी 33 लहान नाही, हेही लपवत नाही. बहिणीच्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा स्वतःसाठी भेट. गांजापासून लांब राहा, त्याने धोका वाढतो.

आता करिअर. तुला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आवडतं, म्हणून माझं स्पष्ट मत: पदवीला संख्याशास्त्र मुख्य ठेव, जोडीला मानसशास्त्र किंवा जीवशास्त्र. या क्षेत्रात दिवसचे दिवस जुळ्यांसोबत नाही, आकड्यांच्या रकान्यांसोबत जातात. ‘आर’ ही संगणकभाषा लवकर शिक; जुळ्यांच्या माहितीचं विश्लेषण करणारं ‘ओपनएमएक्स’ हे सॉफ्टवेअर त्यातच चालतं. पुढे पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी धरावीच लागते, वाट लांबची आहे. पत्रात शेवटी ‘बहिणीला बरं करायचंय’ असंही लिहिलंयस. ते वाचून गलबलून आलं, पण तिच्या आजच्या उपचारांना तुझं उद्याचं संशोधन पुरं पडणार नाही. रोज माणसांसमोर बसून मदत करायची ओढ जास्त असेल, तर मानसोपचार, चिकित्सा मानसशास्त्र किंवा जनुकीय समुपदेशन बघ.

एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी आहे, ती बाहेरच्या संशोधकाला सहज मिळत नाही. एकबीज आणि द्विबीज जोड्यांमधल्या साम्याची तुलना करून जनुकांचा वाटा काढायची ही सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: एकबीज जुळ्यांना वाढताना मिळणारं वातावरण द्विबीजांइतपतच सारखं असतं. एकसारखे कपडे, एकच बाक, एकाच नावाने मारलेल्या हाका तू अनुभवल्या असशील. मग आजारातलं साम्य जनुकांचं किती आणि अशा वागणुकीचं किती? यावर संशोधक अजूनही वाद घालतात. तो वाद तुला आतून कळेल.

सुट्टीत एक गणित करून बघ. एखाद्या लक्षणात, 0 ते 1 च्या मोजपट्टीवर, एकबीज जोड्यांमधलं साम्य 0.4 आणि द्विबीजांमधलं 0.2 असेल, तर फॉल्कनरच्या सूत्राने फरकाची दुप्पट, म्हणजे 0.4, हा आनुवंशिक वाटा. आता द्विबीजांचा आकडा 0.3 कर. आनुवंशिक वाटा किती उरला, आणि एकबीजांमधलं बाकीचं साम्य कुठून आलं? उत्तर मला पाठव. सोडवताना वेळेचं भान राहिलं नाही की कंटाळा आला, तेही लिही. त्यावरून पुढचं बोलू.