एकविसाव्या वाढदिवसाच्या आधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री दोनदा वाचली. मुलाखत चांगली चालली होती आणि 'काम करायची परवानगी आहे का?' या प्रश्नापाशी सगळं थांबलं. नऊ वर्षांची असताना सांगलीहून आलीस, सॅक्रामेंटोतच वाढलीस, आणि तरी त्या चौकटीत 'नाही' लिहावं लागलं. फार लागलं असणार तुला.

पण तू खरं लिहिलंस. याचं मोल तुला आज कळणार नाही. कुणीतरी सांगेल, 'हो' वर खूण कर, पुढचं पुढे बघू. अजिबात नको. आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असं खोटं सांगितल्याची नोंद एकदा झाली की ती आयुष्यभर पाठ सोडत नाही, ग्रीन कार्डाच्या वेळीही तीच आडवी येते. बिनपगारी इंटर्नशिप सुरक्षित असते असंही समजू नकोस, वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

आता कागदांचं थोडक्यात. एच-४ वर, म्हणजे बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर टेकलेल्या तुझ्या व्हिसावर, तुला शिकता येतं, कमावता येत नाही, आणि एकविसाव्या वाढदिवशी तो संपतोच. एका देशाच्या लोकांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, त्या मर्यादेमुळे बाबांची रांग अडली आहे. २००२ च्या एका कायद्याने त्यांच्या कंपनीचा अर्ज जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस तुझ्या वयातून वजा होतात, पण तो हिशेब फक्त ग्रीन कार्डापुरता. तो वकिलाकडून लेखी करून घ्या, याच महिन्यात. एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, अर्ज वाढदिवसाच्या कित्येक महिने आधी जायला हवा. त्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचार की व्हिसा बदलल्यावर फी कुठल्या दराने लागेल. कम्युनिटी कॉलेजात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. इथल्या केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत तुला मिळणार नाही, म्हणून हा फरक घरखर्चाइतकाच महत्त्वाचा आहे. आईबाबांना शेजारी बसवून मांडा.

माझ्या वेळी पहिल्या कंपनीनं माझे व्हिसाचे कागद वेळेत भरले नाहीत. तीन आठवडे मी रोज सकाळी सूटकेस उघडून बघत होते, काय न्यायचं, काय टाकायचं. त्या दिवसांत मी अभ्यास सोडला, ही माझी चूक. कागद शेवटी आले, पण गेलेले आठवडे आले नाहीत.

म्हणून तुझ्या गणिताबद्दल लिहिते. तू पुढच्या सत्रात गणित सोडून 'जरा हलके' विषय घ्यायचं म्हणतेस. नको गं. इंजिनिअरिंगचे विषय साखळीसारखे आहेत. कॅल्क्युलसचे तीन भाग, मग डिफरन्शियल इक्वेशन्स. त्यांच्या जोडीने फिजिक्स, त्यावर स्टॅटिक्स. यातलं एक हुकलं तर पुढचा वर्ग अनेकदा वर्षातून एकदाच निघतो आणि कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणं एक वर्ष लांबू शकतं. इतर कुणाला ते वर्ष परवडेल, तुझ्या हातात तीनच आहेत. 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर सॅक स्टेट आणि यूसी डेव्हिस या दोन्ही विद्यापीठांची सिव्हिल इंजिनिअरिंगची यादी उघड आणि कुठला विषय कुठे धरला जातो ते समोरासमोर ठेव.

शाखा निवडतानाही डोळे उघडे ठेव. विमानं आणि संरक्षणाची बरीचशी कामं निर्यात नियंत्रणाच्या कायद्यामुळे नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरती राहतात. तुझा ओढा पाण्याकडे आहे याचा मला त्यामुळेच जास्त आनंद आहे. आणि तो ओढा आजचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तू फोनवर आजीला विचारत होतीस, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय. मी तिथेच बसले होते.

कमावता येत नाही म्हणजे काम शिकता येत नाही असं नाही. हेक-रास हे पुराचं गणित करणारं सॉफ्टवेअर अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाने फुकट दिलं आहे, आम्ही ऑफिसात तेच वापरतो. फेअर ओक्सजवळ अमेरिकन नदीवर प्रवाह मोजायचं केंद्र आहे, त्याची नोंद कुणालाही मिळते. जमिनीच्या उंचीची माहितीही सरकारी संकेतस्थळावर मिळते, पण विमानातून उंची मोजणारा नेहमीचा लेसर पाण्याखालचं बघत नाही. नदीचा तळ त्या नकाशात सपाट दिसेल आणि तुझं उत्तर चुकेल. ती चूक तुझी तुला सापडू दे. मग मॅनिंगचा 'एन', म्हणजे नदीचं पात्र किती खडबडीत आहे तो आकडा, बदलून बघ, झाडोरा असलेल्या काठाला एक, वाळूला दुसरा, आणि पाण्याची पातळी किती हलते ते वहीत लिही. पुढच्या मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवता येईल.

एफ-१ वर गेल्यावर आणि वर्षभर पूर्णवेळ शिकल्यावर अभ्यासक्रमाशी जोडलेली इंटर्नशिप घेता येते. मात्र पूर्णवेळ बारा महिने केलीस तर पदवीनंतरची कामाची परवानगी जाते, तेव्हा त्याच्या आत थांब. ती परवानगी बारा महिने, इंजिनिअरिंगला आणखी चोवीस. शेवटच्या वर्षात एफई, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याची पहिली परीक्षा, दे. एकशे दहा प्रश्न, सूत्रांची पुस्तिका पडद्यावर असते आणि तिची प्रत आधी फुकट मिळते. आत्तापासून त्याच पुस्तिकेतून सूत्रं शोधायची सवय लाव.

एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, सोडतीवर मी तुला काही आश्वासन देऊ शकत नाही. नंबर न लागलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यातली एक आज कॅनडात पुलांचं काम करते, तिच्या आईला मी फोन जोडून देईन. तुझ्या आईनं ऐकायला हवं ते.

शनिवारी सकाळी नऊला ये. नदीकाठच्या बांधाच्या ज्या भागातून पाणी झिरपतं तो तुला दाखवायचा आहे. पूर ओसरल्यावर तिथे झिरपलेल्या पाण्याने वर आणलेल्या वाळूचे छोटे ढीग दिसतात, फोटोत कळत नाहीत. जाड बूट घाल, वही आण. जेवण मी करते, आईला सांग.

तुझी,
मावशी