शून्य कुठून मोजायचं?

प्रश्न : मार्चमध्ये पहाटे पुण्याहून सोलापूरला निघालो. निघताना टायरमधल्या सेन्सरवर तापमान २० अंश सेल्सिअस आणि हवा ३२ पीएसआय होती. टेंभुर्णीच्या पुढे तीच ५० अंश आणि ३७ पीएसआय. पंपावरचा मुलगा म्हणाला, "काका, हवा जास्त आहे, कमी करू?" माझ्या हिशेबाने तापमान अडीचपट, म्हणजे दाब ८० व्हायला हवा होता. अकरावीतल्या मुलाने केल्विन वापरून ३५ काढला. मग ३७ आले कुठून?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी सांगा, हवा काढली नाहीत ना? कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा असतो. तापलेल्या टायरमधून ५ पीएसआय काढली असती, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २८ च्या आसपास निघाला असता. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्तच तापतो.

आता हिशेब. सेल्सिअसचा शून्य पाणी गोठण्यावरून ठरवलेला. टायरमधल्या हवेला त्याचं काय? तिचं तापमान त्याच्याही २७३ अंश खालून मोजायचं. म्हणजे २० चे होतात २९३ केल्विन आणि ५० चे ३२३. वाढ अडीचपट कुठली, जेमतेम दहा टक्के. इथवर तुमच्या मुलाचं बरोबर आहे.

तो चुकला ती जागा मी कॉलेजात ३१ वर्षं दर बॅचला फळ्यावर चौकट करून दाखवत आलो. टायरचं गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. उघड्यावर ते शून्यावर असतं, तरी वातावरणाचा दाब भोवती असतोच, समुद्रकाठी १४.७, आपल्या पठारावर साधारण १४ पीएसआय. तेव्हा पहाटे टायरमध्ये ३२ नव्हे, ४६ होते. ४६ ला ३२३ ने गुणा, २९३ ने भागा : ५०.७. त्यातून बाहेरचे १४ वजा केले की ३६.७. हेच तुमचे ३७! (टायर किंचित फुगतो, ते सोडून दिलंय.)

जागा तेवढीच राहिली तर हवेचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. पाठ्यपुस्तकात या नियमाला गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव असतं. पण त्यांच्या शंभरएक वर्षं आधी, १७०० च्या सुमारास, पॅरिसमध्ये गियोम आमोंतों यांनी काचेच्या गोळ्यातली हवा तापवून पाऱ्याची उंची मोजली होती. किशोरवयातच त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. हवा थंड करत गेलो तर तिचा दाब कुठेतरी संपेल, हे त्यांनी ओळखलं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

तोच प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत जॉलीच्या उपकरणावर, म्हणजे काचेच्या गोळ्यातल्या बंद हवेचा दाब मोजणाऱ्या साधनावर, व्हायचा. बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत दाब मोजायचा, आलेखाला डावीकडे दुसरा कागद चिकटवायचा आणि पट्टीने रेघ दाब शून्य होईपर्यंत मागे न्यायची. कुणाची −२६५ ला टेकायची, कुणाची −२८० ला. एका पावसाळ्यात एका मुलीची रेघ वरच्या टोकाला वाकायलाच लागली. वाचनं तिने नीट घेतली होती. गोळा उघडला, तर आत पाण्याचा थेंब. तापवल्यावर त्याची वाफ होऊन दाबात भर पडत होती. गे-ल्युसॅकचा नियम वायूचं प्रमाण तेवढंच राहतं असं धरून चालतो. इथे ते वाढत होतं. टायरमध्ये ओली हवा भरली तरी थोडंफार हेच होतं, म्हणून पंपवाल्याला कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायला सांगा.